पेट्रोल जीपचा करंट

सकाळी ७

भिंगारच्या शेडमध्ये उभी आहे ती १९६८ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप. हिचं बॉनेट उंच असतं. आतल्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि विलीज कंपनीनं सरळ बॉनेटच वर उचललं. गाडी थोडी बेढब दिसते, पण नगर जिल्ह्यात जीप म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे हीच येते. कारखान्याचे संचालक, उसाचे अधिकारी, झेडपीचे सभापती, सगळे हिच्यातूनच फिरले.

मालक राहुरीकडचे बागायतदार. त्यांची तक्रार अशी की गार असताना पहिल्या सेल्फला चालू होते, विळद घाट येईपर्यंत झटके खायला लागते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, काही झालंच नाही अशा थाटात. त्यांनी आधीच कार्बोरेटर साफ करून घेतला, पेट्रोल पंप बदलला. फरक शून्य.

शेडमधले मेकॅनिक चाचा गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतात, ‘‘हळूहळू मरते, की एकदम?’’

‘‘एकदम.’’

‘‘मग पेट्रोलचं दुखणं नाही. करंटचं आहे.’’

पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकत मरतं. ठिणगीच गेली तर दिवा मालवावा तसं. चाचांचं वय सत्तरीच्या आसपास, आणि पेट्रोल गाडीचं इग्निशन हे त्यांचं खास काम. नगरमध्ये त्या कामाला आता फारसे लोक उरलेले नाहीत, आणि का उरले नाहीत हे दिवसभरात दहा जणांकडून कळतं.

सकाळी ७.४०

डिस्ट्रिब्यूटरची कॅप निघते. आतला पॉइंट म्हणजे दोन छोट्या टिकल्या, एकमेकींना टेकणाऱ्या आणि सुटणाऱ्या. टेकलेल्या असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. सुटल्या की तो तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगवर ठिणगी पडते. चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो. या धंद्यातली सगळी नाजूक कारागिरी त्या दोन टिकल्यांच्या फटीत आहे.

इथे एका टिकलीवर टेकाड आलंय, दुसरीवर तेवढाच खड्डा. एकीचा धातू उडून दुसरीवर बसला. कंडेन्सर बिघडला की असं होतं, कुणीही मेकॅनिक सांगेल, आणि बहुतेक जण पॉइंट-कंडेन्सर बदलून गाडी सोडून देतील. चाचा तसं करत नाहीत. ते मल्टिमीटर काढून कॉइल मोजतात आणि आकडा मला दाखवतात. दीड ओहम.

खरी गोम इथे आहे. बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या कॉइलचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो, म्हणजे पॉइंट बंद असताना चार अँपिअर करंट. दीड ओहमची कॉइल मुळात वेगळा रेझिस्टर जोडून वापरायची असते. तो न जोडता कुणीतरी ती थेट लावून दिलीय. करंट दुप्पट, म्हणून कॉइल तापते, तापली की दम सोडते, आणि दरम्यान पॉइंट जळत राहतो. नुसता पॉइंट बदलला असता तर महिन्याभरात हीच जीप विळद घाटात याच जागी उभी राहिली असती.

कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलची रेघ ओढल्यासारखी काळी बारीक चीर. रोटरचं पितळ जळालेलं. आणि चाचा डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवतात तर तो हलतो. बुश झिजलाय. बुश झिजला की पॉइंटची फट प्रत्येक सिलेंडरला वेगळी पडते. मग फिलर गेज लावून कितीही नीट फट धरा, त्या मापाला अर्थ राहत नाही.

कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे यादी होते. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, बुश.

सकाळी ९

दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत, म्हणून चहा. मालक सांगतात त्यांच्या वडिलांची गोष्ट. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेलं आणि ही जीप तर पेट्रोल पिणारी. गावात एकेकानं इंजिन काढून डिझेल घातलं, कुणी मॅटाडोरचं, पुढे कुणी प्युजोचं. वडील अडून बसले. ‘‘डिझेल घातलं की बोलता येत नाही गाडीत,’’ असं त्यांचं म्हणणं. या हट्टापायी घरात भांडणं झाली आणि जीप वर्षानुवर्षं गोठ्याशेजारी उभी राहिली.

सुटे भाग का मिळत नाहीत याचं उत्तर इथेच आहे. कंपनीनं बनवणं थांबवलं हे अर्धंच कारण. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवली की तेल आपोआप पेटतं. त्यामुळे जीपमधून पेट्रोल इंजिन उतरलं की डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, वायर सगळं किलोवर गेलं. चालू स्थितीतले, चांगले भाग. नगर जिल्ह्यात जीपा भरपूर राहिल्या आणि त्यांचं इग्निशन मात्र वितळून गेलं.

नगर हे गाड्यांचं गाव आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. फाळणीनंतर लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून इथे आली. त्याच मुळावर आजची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था उभी आहे. रणगाड्यांचं आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथेच. तिथून निवृत्त झालेल्या फिटरांनी शहरात गॅरेजं टाकली आणि त्यांच्या हाताखाली चाचांसारखी पोरं शिकली.

सकाळी १०.१५

स्टेशन रस्त्याला स्पेअर पार्टचं दुकान. काउंटरवरचा तरुण मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता विचारतो, ‘‘मॉडेल?’’

मालक उत्साहानं सांगायला लागतात, ‘‘विलीज, हरिकेन, अडुसष्ट...’’ मुलगा मान हलवतो. नाही.

चाचा मालकांना मागे सारतात. ‘‘अ‍ॅम्बॅसिडरचा पॉइंट दे. लुकासचा.’’

मुलगा फळीवरून डबा काढतो.

कारण असं की या जीपचा मूळ डिस्ट्रिब्यूटर केव्हाच गेलाय. त्या जागी कुणीतरी लुकासचा बसवलाय आणि तो जीपला बसावा म्हणून शाफ्टची खालची जीभ लेथवर घडवून घेतलीय. चाचांनी सकाळी डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीवरचा काट रॉकेलच्या बोळ्यानं पुसून ठोकलेला नंबर वाचला होता. साठच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत लुकासचा हाच घाट असे, आणि आपली अ‍ॅम्बॅसिडर त्याच घराण्यातली, मॉरिस ऑक्सफर्डची लेक. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला तरी देशभर गाड्या आहेत, म्हणून भागही आहेत. जुन्या गाडीचा भाग मागताना गाडीचं नाव सांगणारा रिकाम्या हातानं परततो. भागावरचा नंबर वाचून जाणाऱ्याला काहीतरी मिळतं. माझ्या मते या शोधातली अर्धी विद्या एवढीच आहे.

डब्यातला पॉइंट मात्र चाचांना पसंत पडत नाही. पट्टीची स्प्रिंग ढिली. कॅमवर घासणारी टाच कसल्या तरी मऊ प्लॅस्टिकची. थोड्या धावेत झिजेल आणि फट आपोआप मिटत जाईल. ते दुसरा डबा मागतात, तिसरा मागतात. मुलगा वैतागतो. शेवटी दुकानाचा म्हातारा मालक आतल्या खोलीतून धूळ बसलेला एक जुना डबा आणतो. लुकास-टीव्हीएसचा, टाच तपकिरी आणि टणक. किंमत नव्याच्या तिप्पट. चाचा घासाघीस न करता पैसे द्यायला सांगतात. त्याच खोलीतून मायकोच्या प्लगांचा खोकाही निघतो. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, म्हणजे माल बहुधा त्याआधीचा. प्लग कोरडा राहिला तर नासत नाही, चार घेतले.

कॉइल सहज मिळते. तीन ओहमची. चाचा दुकानातच मोजून घेतात, मुलगा हसतो, ते हसत नाहीत.

सकाळी ११.३०

केडगावच्या बाजूला भंगाराचं एक मोठं आवार. इथे जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचं एक इंजिन पडलंय असं चाचांना कुणीतरी सांगितलेलं. इंजिन आहे, उन्हात. डिस्ट्रिब्यूटर जागच्या जागी जाम. भंगारवाला हुशार, आपण वाकून बघतोय हे दिसलं की वस्तू किलोवरून ‘पार्ट’वर जाते आणि भाव चौपट होतो. म्हणून चाचा आधी एका रेडिएटरची चौकशी करतात, मग एका जॅकची, आणि निघता निघता ‘‘हेही टाक त्यात’’ म्हणतात. भंगारवाल्यानं हे नाटक पूर्वी पाहिलेलं आहे. दोघंही आपापली भूमिका नीट वठवतात आणि सौदा मधल्या आकड्यावर पटतो.

या डिस्ट्रिब्यूटरमधलं काय उपयोगी? आतली प्लेट, वजनांच्या स्प्रिंगा, स्क्रू. इंजिन जोरात फिरू लागलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी आधी पडते. त्यांच्या स्प्रिंगा कंपनीनं तोलून बसवलेल्या असतात. त्या बाजारात सुट्या मिळत नाहीत, आणि गॅरेजवाल्यानं कुठलीतरी स्प्रिंग ताणून बसवली तर इंजिन चढाला ठोकतं. हे भंगारच आजच्या दिवसाची सर्वांत मोलाची खरेदी आहे.

आतला कंडेन्सर मात्र चाचा काढून तिथेच फेकतात. आतल्या कागदाच्या गुंडाळीत दमट हवा शिरली की तो मेला, मग कंपनी कितीही अस्सल असो.

दुपारी १२.३०

मग कंडेन्सर आणायचा कुठून? जुना घेऊ नये आणि नव्याची खात्री नाही. चाचांनी यावर काही वर्षांपूर्वी तोड काढली. गाडीच्या दुकानात न जाता ते थेट टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे जातात आणि शून्य पॉइंट बावीस मायक्रोफॅरड, सहाशेतीस व्होल्टचा फिल्म कपॅसिटर मागतात. चहाच्या दोन कपांच्या पैशात. गाडीच्या कंडेन्सरचं माप साधारण हेच असतं, आणि प्लॅस्टिक फिल्मचा हा तुकडा त्या मापाला चिकटून राहतो. पत्र्याच्या पट्टीवर बसवून, डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेर, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर लावायचा.

मूळ स्वरूपाचे कट्टर भक्त नाक मुरडतील. मुरडू द्या. इग्निशनमध्ये अस्सलपणाचा आग्रह कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे ज्याला कळतं तो मेकॅनिक, बाकीचे संग्राहक.

कॅप आणि रोटर नगरात चांगले मिळाले नाहीत. पुण्याला नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला चाचा फोन करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, रोटरची उंची पट्टीशेजारी ठेवून दाखवतात. माल आहे. दुपारच्या ट्रॅव्हल्सबरोबर येईल. याच पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बेडफर्ड धावली होती.

दुपारी १.१५

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बोलणं नाही.

दुपारी २

नागापूर एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप. गनमेटलचा बुश करायचाय. लेथवाला आधी शाफ्ट मोजतो, कारण झीज नुसत्या बुशाची नसते. शाफ्टही एका बाजूनं खाल्लेला असेल तर नवा बुश आठवडाभरात सैल होतो. मायक्रोमीटर तीन ठिकाणी लावून तो मान डोलावतो. शाफ्ट ठीक. अर्ध्या तासाचं काम. पण त्यात तो आतून शेवटचा हात रीमरनं मारायला आणि तेल जाण्याचं भोक पाडायला विसरत नाही. शाफ्ट आत सोडला की आपल्या वजनानं सावकाश खाली जातो. इतकंच सैल हवं.

लेथवालाही चाचांचा जुना सोबती. दोघं लुनाच्या आठवणी काढतात. लुना १९७२ साली आली, कायनेटिकचा कारखाना नगरचा, त्यामुळे इथे घरटी एकजण तरी कायनेटिकमध्ये आणि घरटी एक लुना. तिच्या मॅग्नेटोतही पॉइंटच. पावसाळ्यात लुना पेटेना की दहावीतलं पोरगंसुद्धा मॅग्नेटोच्या चाकाच्या खिडकीतून पॉलिश पेपरचा तुकडा सरकवून पॉइंट घासायचं. या शहरातल्या एका अख्ख्या पिढीला फट, ठिणगी आणि टायमिंग ही तीन गणितं लुनानं फुकट शिकवली. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि ती शिकवणी बंद झाली. आजचा तरुण मेकॅनिक हुशार आहे, स्कॅनर लावून कोड वाचतो. पण या जीपला स्कॅनर लावायला जागाच नाही.

दुपारी ३.१५

पार्सल यायला वेळ आहे. मी एकटाच छावणीतल्या रणगाडा संग्रहालयात जाऊन येतो. १९९४ साली सुरू झालेलं. बहुतेक पाहुणे पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटन रणगाड्यापाशी फोटो काढतात. मला पाहायची असते ती चिलखत चढवलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. या घोस्टच्या सहा सिलेंडरांना बारा प्लग असत, प्रत्येकी दोन. एक ठिणगी बॅटरीची, दुसरी मॅग्नेटोची. एक व्यवस्था मेली तरी दुसरी गाडी घरी आणील. वाळवंटात आणि सरहद्दीवर फिरणाऱ्या गाडीला ते परवडणारं होतं. लोकांसाठी गाड्या बनवणाऱ्यांनी पुढे सगळीकडे अमेरिकन केटरिंगची स्वस्त, एकेरी पद्धत उचलली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली होती आणि साठ-सत्तर वर्षं जगावर राहिली. चाचांच्या बाकावर पडलेला डिस्ट्रिब्यूटर तिचाच.

संध्याकाळी ५

पार्सल आलं. कॅप बॅकेलाइटची, जड. मधला कार्बनचा खिळा बोटानं दाबला तर आत जाऊन परत येतो. रोटर घट्ट बसतो.

आता जुळवणी. डिस्ट्रिब्यूटर तेलपंपाच्या शाफ्टवरच्या खाचेत बसतो आणि ती खाच मुद्दाम मध्याच्या बाजूला कापलेली असते, म्हणजे उलटा बसायची सोय नाही. पॉइंटची फट पंधरा थाऊ, इंचाचे पंधरा हजारांश भाग. मालक त्यांच्याकडच्या जुन्या पुस्तकात बोट घालून सांगतात, वीस लिहिलंय. ते मूळच्या अमेरिकन डिस्ट्रिब्यूटरचं माप, हा लुकासचा आहे. इथे पुस्तक गाडीचं चालत नाही, भागाचं चालतं. प्लगची फट मात्र इंजिनाची, तीस थाऊ. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन.

टायमिंग लाइट चाचा वापरत नाहीत. इंजिन हातानं फिरवून पाच डिग्रीच्या मार्कवर आणतात, बल्बची एक वायर कॉइलला, दुसरी बॉडीला, आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवतात. ज्या क्षणी पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. तिथे नट आवळला. शेडमधला पोऱ्या दोनदा विचारतो, ते दोनदा समजावतात. तिसऱ्यांदा त्याच्याकडूनच करून घेतात.

संध्याकाळी ६.४५

पहिल्या सेल्फला इंजिन घेतं. पण गार असताना ते सकाळीही घेत होतं, म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. चाचा शेडचे दिवे घालवायला सांगतात. अंधारात इंजिन चालू ठेवून ते वायरींकडे बघतात. तिसऱ्या सिलेंडरच्या वायरीवर निळसर किरण चमकतो, ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळतेय. दिवसा ही गळती दिसली नसती. वायर यादीत नव्हती. भंगारातल्या डिस्ट्रिब्यूटरबरोबर आलेली एक जुनी तांब्याची वायर मापात बसते.

मालक मधल्या वेळात इलेक्ट्रॉनिक किटची गोष्ट काढतात. पॉइंट काढून टाकायचा, चुंबक आणि सेन्सर बसवायचा, कटकट नाही. रोज वापरायची गाडी असेल तर मीही तेच म्हणेन. पण किट रस्त्यात मेलं तर ते घाटात दुरुस्त होत नाही, आणि पॉइंट पॉलिश पेपरनं होतो. चाचा म्हणतात, किट लावा, पण पॉइंट लावलेली जुनी प्लेट गाडीत ठेवा.

रात्री ८

चाचणीसाठी विळद घाटापर्यंत जाऊन आलो. वर पाच मिनिटं उभी केली, इंजिन चालू ठेवून. कॉइलला हात लावला तर कोमट. परत येताना मालकांनी आरटीओचा विषय काढला. केंद्रानं २०२१ साली नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळावे, प्रदर्शनं यांपुरतीच. ज्यांनी डिझेल घातलं त्यांना ते दार बंद आहे. गोठ्याशेजारी पडून राहिलेली ही जीप त्यात बसू शकते, वडिलांच्या हट्टामुळे. पण मालकांना तिला उसाच्या फडापर्यंत न्यायचंय, त्यामुळे ते अर्ज करतील असं वाटत नाही.

तुमच्या वाड्यात, गोठ्यात, मळ्यात पेट्रोल जीप पडून असेल आणि ती भंगारात द्यायची वेळ आलीच, तर निदान डिस्ट्रिब्यूटर उतरवून घ्या. त्याच्या बॉडीवरचा काट पुसून नंबर कागदावर लिहा, कॅप आणि रोटर कापडात गुंडाळा, सगळं कोरड्या डब्यात ठेवा. कंडेन्सर तेवढा फेकून द्या.